घरचा निघण्टु : ई-बुक रीडरसाठी शोधयोग्य द्रव्यकोश

आयुर्वेदाचा अभ्यासक आणि औषधी द्रव्य यांच्यामध्ये नेहमी एक शब्द उभा असतो. ग्रंथकार द्रव्य दाखवत नाही, त्याचे नाव सांगतो. आणि तेही दर वेळी एकच नाव सांगेल असे नाही. छंदाच्या सोयीसाठी, गुणांच्या सूचनेसाठी किंवा केवळ पुनरुक्ती टाळण्यासाठी तो पर्यायनामांचा मुक्त वापर करतो. गुरुमुखातून अध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्याला निघण्टु मुखोद्गत असल्यामुळे या पर्यायांची अडचण वाटत नसे. आज आपल्यापैकी बहुतेकांना प्रत्येक पर्यायासाठी पुस्तक उघडावे लागते, आणि रुग्ण समोर बसलेला असताना ते उघडले जातेच असे नाही.

गेल्या काही वर्षांत अनेक वैद्य संहिता व योगसंग्रह ई-बुक रीडरवर अथवा दूरध्वनी संचाच्या पडद्यावर वाचू लागले आहेत. या साधनांत एक मोठी सोय आहे. वाचताना अडलेल्या शब्दावर बोट क्षणभर दाबून धरले की त्याचा अर्थ त्याच पानावर चौकटीत उमटतो. मात्र त्या चौकटीत जो कोश बसवलेला असेल तेवढेच ज्ञान आपल्याला मिळते. सर्वसाधारण संस्कृत कोश भाषेच्या अभ्यासकासाठी रचलेला असतो. औषध देणाऱ्याला द्रव्याचा निश्चय, प्रयोज्यांग, बाजारातील नाव आणि सावधगिरीची सूचना लागते. हा कोश आपला आपणच तयार करू शकतो आणि त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. त्याची रीत सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एका पुडीची गोष्ट

या उद्योगाकडे आम्ही वळलो ते हौसेने नव्हे. काही वर्षांपूर्वी एका जुन्या योगसंग्रहातील ज्वरघ्न काढ्याची यादी आम्ही पडद्यावरून उतरवून घेतली आणि चिठ्ठी औषधालयाकडे पाठवली. यादीत ‘विशल्या’ हा शब्द होता. संदर्भ स्पष्टपणे गुळवेलीचा होता, आमच्या मनातही गुळवेलच होती. परंतु घाईत मूळ शब्द तसाच लिहिला गेला. औषधालयातील हस्तलिखित वहीत ‘विशल्या म्हणजे कळलावी’ अशी नोंद होती. त्यांनी वहीप्रमाणे द्रव्य दिले. सुदैवाने त्या दिवशी वीज नसल्यामुळे भरड न करता द्रव्य अख्खेच आले आणि पुडी उघडताच नांगराच्या आकाराचे कंद समोर दिसले. भरड झाली असती तर ते ओळखता आले असते असे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

औषधालयाची वही चुकीची नव्हती. भावप्रकाश निघण्टूत ‘विशल्या’ हे नाव गुडूचीच्या पर्यायांत आहे, लाङ्गलीच्या पर्यायांत आहे आणि दन्तीच्या पर्यायांतही आहे. यांपैकी गुळवेल हे रोजच्या वापरातील निर्धोक मानले जाणारे द्रव्य आहे. लाङ्गली आणि दन्ती ही दोन्ही औषध नियम, १९४५ यांच्या ई(१) अनुसूचीतील विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत. कळलावीच्या कंदात कोल्चिसीन हे तीव्र विष असते आणि तिचे ‘गर्भनुत्’ हे पर्यायनामच तिचे कर्म सांगते. दोष आमच्या चिठ्ठीचा होता. शब्द लिहिला गेला, अर्थ लिहिला गेला नाही. त्या रात्री आम्ही कोशाची पहिली नोंद लिहिली, ती ‘विशल्या’ या शब्दाचीच.

पूर्वसूरींनी घालून दिलेली घडी

कोश रचताना प्रथम लक्षात येते की आपले निघण्टु वर्णक्रमाने नव्हे, तर वर्गक्रमाने रचलेले आहेत. हरीतक्यादि, कर्पूरादि, गुडूच्यादि अशा वर्गांतून एकेका द्रव्याचे पर्याय व गुण सांगितले जातात. ही रचना पाठांतरासाठी उत्तम आहे. शोधासाठी मात्र उलटी आहे. द्रव्य ठाऊक असेल तर पर्याय सापडतात, पण पर्याय हाती असून द्रव्य ठाऊक नसेल तर वाचकाला सर्व वर्ग धुंडाळावे लागतात. संगणकीय कोश नेमके हेच उलटे काम करतो.

मात्र एका बाबतीत पूर्वसूरी आपल्या पुढे होते. भावप्रकाश निघण्टूच्या अखेरीस अनेकार्थनामवर्ग आहे. एकच नाव किती द्रव्यांना लागू पडते हे त्यात एकत्र सांगितले आहे. धोका कोठे आहे हे ग्रंथकारांना माहीत होते आणि त्यांनी त्यासाठी स्वतंत्र वर्ग केला. आपल्या कोशातही हीच घडी ठेवावी, असा आमचा अनुभवान्ती आग्रह आहे. त्याचे कारण पुढे येईल.

छापील साधनांत वेणीमाधवशास्त्री जोशी व नारायण हरि जोशी यांचा आयुर्वेदीय शब्दकोश हा महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६८ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ आपल्या प्रांताचे भूषण आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय आयुर्विज्ञान संपदा संस्थानाने ई-निघण्टु संगणकावर उपलब्ध करून दिला आहे. ही साधने संदर्भासाठी आहेतच. घरच्या कोशाची गरज वेगळी आहे. वाचता वाचता बोटाखालचा शब्द, आंतरजालाच्या जोडणीविना, आपल्या जिल्ह्यातील बाजारनावासह आणि आपल्या औषधालयातील कपाटाच्या क्रमांकासह उलगडला पाहिजे.

साधन कोणते निवडावे

ई-बुक रीडरवर चालणाऱ्या कोशांचे अनेक साचे आहेत. त्यांपैकी ‘स्टारडिक्ट’ हा साचा आम्ही निवडला. तो खुला आहे, त्यासाठी शुल्क नाही आणि ‘केओरीडर’ ही विनामूल्य वाचनप्रणाली तो वापरते. ही प्रणाली कोबो, पॉकेटबुक यांसारख्या अनेक ई-बुक रीडरांवर तसेच अँड्रॉइड संचांवर बसवता येते. किंडलच्या स्वतःच्या कोशासाठी वेगळ्या घडणीची फाईल लागते. परंतु खाली सांगितलेला मूळ तक्ता तोच राहतो, फक्त अखेरचे रूपांतर बदलते. म्हणून श्रम तक्त्यावर खर्च करावेत. साधने बदलत राहतात, तक्ता टिकतो.

स्टारडिक्ट कोशाचे मुख्यतः चार भाग असतात. पहिल्यात कोशाचे नाव व नोंदसंख्या, दुसऱ्यात शब्दांची अनुक्रमणी, तिसऱ्यात अर्थ, आणि चौथ्यात, जो ऐच्छिक आहे, पर्यायांची यादी. या चौथ्या भागात प्रत्येक पर्यायापुढे फक्त ‘अमुक क्रमांकाची नोंद पाहा’ एवढेच असते. ‘छिन्नरुहा’ वर बोट ठेवले तरी ‘गुडूची’ची नोंद उघडते, अर्थ एकदाच लिहावा लागतो. निघण्टूची पर्यायपद्धती जणू या साच्यासाठीच निर्माण झाली असावी, इतका हा मेळ चपखल आहे.

हे चार भाग हाताने बनवू नयेत. अनुक्रमणी आपल्या वर्णक्रमाने नव्हे, तर संगणकाच्या अंतर्गत संकेतक्रमाने लावावी लागते. क्रम चुकला की शब्द कोशात असूनही सापडत नाही. ‘पायग्लॉसरी’ नावाची विनामूल्य प्रणाली साध्या तक्त्यावरून चारही भाग बिनचूक तयार करते.

तक्ता कसा भरावा

संगणकावरील कोणत्याही तक्ताप्रणालीत पाच रकाने करावेत. पहिल्यात मुख्य नाम. दुसऱ्यात पर्याय व त्यांची रूपे. तिसऱ्यात मराठी व बाजारातील नावे. चौथ्यात वनस्पतिशास्त्रीय नाव आणि प्रयोज्यांग. पाचव्यात सावधगिरी, अनुसूचीचा उल्लेख व कपाटाचा क्रमांक. गुडूचीची नोंद अशी दिसेल :

गुडूची. पर्याय : छिन्नरुहा, छिन्नोद्भवा, वत्सादनी, अमृतवल्लरी, कुण्डली, चक्रलक्षणिका. मराठी : गुळवेल, गोव्यात अमृतवेल. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. प्रयोज्यांग : काण्ड. 

वाचकांच्या लक्षात आले असेल की या यादीत ‘अमृता’, ‘जीवन्ती’, ‘वयस्था’ आणि ‘विशल्या’ ही प्रसिद्ध नावे आम्ही मुद्दाम घेतलेली नाहीत. ही नावे एकाहून अधिक द्रव्यांची आहेत. अमृता व जीवन्ती ही नावे हरीतकीलाही आहेत. वयस्था हे नाव हरीतकी, आमलकी व गुडूची या तिघींना आहे. असे नाव गुडूचीच्या पर्यायांत घातले तर वाचकाला ‘गुडूची’ हे उत्तर मिळते आणि तो समाधानाने पुढे जातो. दुसरे उत्तर असू शकते याची त्याला शंकाही येत नाही. म्हणून नियम असा : अनेकार्थ नाव कोणाच्याही पर्यायांत घालू नये, त्याची स्वतंत्र नोंद करावी आणि सर्व अर्थ एकाच चौकटीत दिसतील असे लिहावे. उदाहरणार्थ :

विशल्या. अनेकार्थ नाम. (१) गुडूची, गुळवेल. (२) लाङ्गली, कळलावी, खड्यानाग : ई(१) अनुसूची, विषारी. (३) दन्ती : ई(१) अनुसूची, विषारी. योगाचा अधिकार, सोबतची द्रव्ये व टीका पाहून निश्चय करावा. चिठ्ठीवर हा शब्द लिहू नये.

याच धर्तीवर पुढील नावांच्या नोंदी प्रथम कराव्यात. ‘विजया’ म्हणजे हरीतकी आणि भांगही. ‘अनन्ता’ म्हणजे सारिवा, दुरालभा, दूर्वा आणि लाङ्गलीही. ‘श्रेयसी’ म्हणजे हरीतकी, रास्ना व गजपिप्पली. ‘कुष्ठ’ हा व्याधीही आहे आणि द्रव्यही. ज्या नावाच्या अर्थांत एखादे विषद्रव्य येते त्या नोंदीचा आरंभच ‘सावधान’ या शब्दाने करावा, म्हणजे लहान पडद्यावरही तो पहिल्या ओळीत दिसेल.

मानवाचक शब्दांचाही असाच विचार करावा. ‘अक्ष’ म्हणजे बेहडा आणि ‘अक्ष’ म्हणजे एक कर्षही. ‘सुवर्ण’ हा धातू आहे आणि कर्षाचा पर्यायही. ‘बिल्व’ म्हणजे बेल, तसेच एक पल. भारतीय आयुर्वेदीय योगसंग्रहात स्वीकारल्याप्रमाणे कर्ष १२ ग्रॅम, पल ४८ ग्रॅम, कुडव १९२ ग्रॅम व प्रस्थ ७६८ ग्रॅम ही माने नोंदीतच लिहून ठेवावीत. द्रवद्रव्यांच्या बाबतीत कुडवापासून पुढे दुप्पट घ्यावयाचे, ही सूचनाही तेथेच असावी.

लेखनभेदांचे जाळे

पहिला कोश तयार करून आम्ही मोठ्या उत्साहाने पडद्यावर बोट ठेवले आणि दहापैकी चार शब्द ‘सापडले नाहीत’. शब्द कोशात होते. माणसाचा डोळा ‘लांगली’ आणि ‘लाङ्गली’ एकच मानतो. संगणकाला ते दोन भिन्न शब्द वाटतात. म्हणून दुसऱ्या रकान्यात पर्यायांबरोबर लेखनभेदही भरावे लागतात. ते मुख्यतः पाच प्रकारचे आहेत.

पहिला, अनुस्वार व परसवर्ण : दंती, दन्ती, पंचकोल, पञ्चकोल. दुसरा, ऱ्हस्वदीर्घ : गुडूची, गुडुची, हरीतकी, हरितकी. तिसरा, ब आणि व : बिभीतक, विभीतक, बाकुची, वाकुची. चौथा, विभक्तिरूपे : गुडूचीम्, गुडूच्या, गुडूच्याः, मराठी ग्रंथांत गुळवेलीचा, गुळवेलीच्या, हिरड्याचे, बेहड्याचे. पाचवा प्रकार सर्वांत फसवा, कारण तो डोळ्यांना दिसतच नाही. टंकलेखनात विसर्गाऐवजी अपूर्णविराम पडलेला असतो, किंवा जोडाक्षर हवे तसे दिसावे म्हणून मध्ये एखादे अदृश्य जोडचिन्ह घातलेले असते. अशा वेळी ग्रंथाच्या फाईलमध्येच ‘शोधा व बदला’ या सोयीने दुरुस्ती करावी.

यासोबत दोन अटी आहेत. ग्रंथ आणि कोश दोन्ही युनिकोड लिपीत हवेत. जुन्या मराठी टंकांत जुळवलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसला तरी आत वेगळीच अक्षरे असतात. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. तसेच पानांची छायाचित्रे असलेल्या फाईलमध्ये शब्द नसतातच, केवळ चित्र असते. तेथे कोणताही कोश चालणार नाही.

रूपांतर आणि चाचणी

तक्ता पूर्ण झाल्यावर पहिले दोन रकाने एकत्र करून नावांमध्ये उभी रेघ घालावी आणि उरलेल्या रकान्यांचा मिळून एक अर्थ करावा. नाव व अर्थ यांच्यामध्ये टॅबचे अंतर ठेवून फाईल साध्या मजकुराच्या स्वरूपात जतन करावी. जतन करताना संकेतप्रणाली ‘यूटीएफ-८’ निवडण्यास विसरू नये. काही तक्ताप्रणालींतील ‘युनिकोड मजकूर’ हा पर्याय निराळी संकेतप्रणाली वापरतो; त्यासाठी लिब्रेऑफिससारखी, संकेतप्रणाली निवडू देणारी प्रणाली सोयीची पडते. अर्थाच्या मजकुरात चुकूनही टॅब येऊ देऊ नये.

ही फाईल पायग्लॉसरीत उघडून स्टारडिक्ट साच्यात रूपांतरित करावी. तयार झालेल्या सर्व फाईली एका फोल्डरमध्ये ठेवून तो फोल्डर केओरीडरच्या ‘डेटा’ फोल्डरमधील ‘डिक्ट’ या ठिकाणी ठेवावा आणि प्रणाली पुन्हा सुरू करावी. कोशांच्या क्रमवारीत आपला कोश सर्वांत वर आणावा.

यानंतरची एक कृती आम्ही अत्यावश्यक मानतो. केओरीडरमध्ये ‘अंदाजे शोध’ घेण्याची सोय असते. शब्द तंतोतंत न मिळाल्यास जवळच्या स्पेलिंगचा शब्द दाखवला जातो. कादंबरी वाचणाऱ्याला ही सोय उपकारक आहे. वैद्याला ती घातक आहे. ‘द्रवन्ती’ नसल्यास ‘दन्ती’ दाखवणारा कोश आपल्याला नको. ही सोय बंद ठेवावी. ‘सापडले नाही’ हे उत्तर चुकीच्या उत्तरापेक्षा शतपटीने बरे.

सामासिक पदांचा प्रश्न उरतो. ‘पथ्याक्षधात्री’ या पदावर बोट ठेवले तर संपूर्ण पद निवडले जाते आणि कोशात ते नसते. अशा वेळी शोधचौकटीत पद हाताने तोडून पथ्या, अक्ष, धात्री असे तीन वेळा शोधावे. येथे ‘अक्ष’ची अनेकार्थ नोंद उघडेल आणि शेजारी हिरडा व आवळा आहेत हे पाहून तो बेहडाच, मान नव्हे, हे आपण ठरवाल. संगणक संधी सोडवत नाही आणि संदर्भही लावत नाही. ते काम वैद्याचेच आहे व तसेच राहावे.

औषधालयचालकांसाठी

हा कोश उलट बाजूनेही उपयोगी पडतो. मराठी बाजारनावे दुसऱ्या रकान्यात घातली की ‘गुळवेल’ टंकित केल्यावर मुख्य नाम, पर्याय, प्रयोज्यांग व कपाट क्रमांक एकत्र मिळतात. नव्या सेवकाला शिकवताना ही सोय फार कामी येते. ‘ब्राह्मी’, ‘शंखपुष्पी’ व ‘रास्ना’ या वादग्रस्त द्रव्यांच्या नोंदीत भारतीय आयुर्वेदीय औषधकोशाने स्वीकारलेले वनस्पतिशास्त्रीय नाव अवश्य लिहावे. ब्राह्मी म्हणजे बकोपा मोनिएरी व मण्डूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका हा भेद खरेदीच्या पावतीपर्यंत पोहोचला पाहिजे. ज्यांच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे नियमाने बंधनकारक आहे, त्या ई(१) द्रव्यांच्या नोंदीही येथेच पूर्ण कराव्यात.

तथापि कोश म्हणजे द्रव्यपरीक्षा नव्हे. कोश नावाचा निश्चय करतो. पुडीत काय आहे याचा निश्चय डोळा, नाक, जीभ आणि प्रयोगशाळा करते.

दोन सूचना आणि विनंती

प्राचीन निघण्टूंवर कोणाचा स्वामित्वहक्क नाही. आधुनिक भाषांतरे, टिप्पणी व कोश यांवर मात्र असतो. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ अन्वये तो लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहावेत, कोणाच्या पुस्तकाची पाने उतरवून कोश वाटू नये. दुसरी सूचना, मूळ तक्त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि प्रत्येक दुरुस्तीची तारीख लिहावी. चुकीची नोंद कागदावर एकाच वहीत राहते. संगणकावर ती नकलांमधून गावोगाव जाते.

कामाचा भार पाहून कोणी बिचकू नये. रोज ५ नोंदी केल्या तर २०० दिवसांत १,००० नोंदी होतात, आणि नित्य व्यवहारातील द्रव्ये त्याहून पुष्कळच कमी आहेत. आरंभ अनेकार्थ नावांपासून आणि ई(१) अनुसूचीपासून करावा. उरलेले सावकाश भरता येईल. ज्या वैद्यबंधू-भगिनींनी असा तक्ता आरंभला असेल त्यांनी आपल्या भागातील बाजारनावे परस्परांना कळवावीत. कोकणातील नाव विदर्भात आणि खानदेशातील नाव गोव्यात पोहोचले तर एकाच द्रव्याची ओळख सर्वत्र पक्की होईल.

आमच्या चिठ्ठ्यांवर आता संस्कृत नावापुढे मराठी नाव व प्रयोज्यांग लिहिलेले असते. ती जुनी पुडी आम्ही फेकली नाही. ‘विषारी’ अशी चिठ्ठी चिकटवून कुलूपबंद कपाटात ठेवली आहे. नव्या विद्यार्थ्याला कोश दाखवण्यापूर्वी आम्ही ते कंद दाखवतो.